जुन्या सोसायटीत घरापर्यंत फायबर : लग्नसराई आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची सोसायटी छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातली, तीन मजली, जुन्या बांधणीची. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि काम घरूनच चालतं, त्यामुळे मला डाउनलोडपेक्षा अपलोडची जास्त गरज. एका लग्नाचं तयार काम ४० जीबीच्या आसपास जातं. आधीच्या कनेक्शनवर अपलोडचा वेग १० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर क्वचितच जायचा. म्हणजे एक फाइल चढायला नऊ तास, तेही मध्ये लाईन तुटली नाही तर. लग्नसराईत रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून झोपायचं आणि सकाळी उठल्या उठल्या आधी तेच बघायचं, असं चाललं होतं.

ते आधीचं कनेक्शनही ‘फायबर’ (प्रकाशातून सिग्नल नेणारी काचेची बारीक तार) म्हणूनच दिलेलं होतं. फायबर यायचं ते जिन्यातल्या पेटीपर्यंत. पेटीत एक स्विच (एक लाईन अनेक घरांत वाटणारा डबा), आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला तांब्याची लॅन केबल. स्विचचा वरच्या लाईनला जोडलेला पोर्टच १०० एमबीपीएसचा, आणि विंगमधल्या प्रत्येकाला विकलेला प्लॅनही १०० चाच. रात्री जेवणानंतर सगळे एकदम बसले की व्हिडिओ अडकणारच. शिवाय पेटीची वीज जिन्याच्या मीटरवर. उन्हाळ्यात लाईट गेली की माझ्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद, कारण जिन्यातला स्विच बंद.

म्हणून नवीन कनेक्शन घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच : स्पीड आणि ऑफर नंतर विचारा, आधी फायबर घरात येणार की जिन्यात थांबणार ते विचारा. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीचं काम एका गल्लीत चोख आणि पुढच्या गल्लीत ढिसाळ असतं. फरक पडतो तो लाईन कशी टाकली यानं.

सोसायटीची परवानगी मिळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. चेअरमन काकांचं म्हणणं होतं, ‘परत भिंती फोडायच्या आणि वायरींची जाळी लोंबकळत ठेवायची, हे नको.’ त्यांचं चुकीचं नव्हतं, गच्चीवरून आधीच्या मेलेल्या केबल्स अजून लटकत होत्या. शेवटी सभेत ठरलं की जुन्या लँडलाइनचा पाइप मोकळा करून फायबर त्यातूनच न्यायचं, प्रत्येक विंगला एकच पेटी बसवायची, आणि कुठल्याही एका कंपनीला मक्ता द्यायचा नाही. हा शेवटचा मुद्दा पदरात पाडून घ्याच. दुसरी कंपनी दारात उभी राहू शकते हे माहीत असलं की पहिलीचा माणूस फोन उचलतो. ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवर नियमन करणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारांकित मानांकन देण्याची नियमावली आणली आहे. नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला त्याबद्दल जरूर विचारावं. आमच्यासारख्या जुन्या इमारतींना मात्र आपलं आपणच बघावं लागतं.

जोडणीच्या दिवशी आलेला मुलगा कामाचा निघाला. केसाएवढं फायबर सोलून, पुसून, कापून मशीनमध्ये ठेवलं. बारीक ठिणगी पडून दोन टोकं एक झाली, वर संरक्षक नळी चढवली. मग पॉवर मीटर लावून मला घरापर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवली : उणे १९ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा, सिग्नल तितका कमजोर). हा आकडा लिहून ठेवा. साधारण उणे २७ च्या खाली गेला की फायबर जिथे जोडलं जातं त्या घरातल्या डब्याला सिग्नल नीट पकडता येत नाही.

पहिल्या आठवड्यात स्पीडटेस्ट ९४ च्या पुढे सरकेना, प्लॅन २०० चा. कॉल सेंटर राउटर बंद-चालू करायला सांगत राहिलं. दोष केबलचा होता. राउटरपासून एडिटिंगच्या खोलीपर्यंतची जुनी लॅन केबल आठपैकी चारच तारांवर जोडलेली होती, आणि चार तारांवर १०० च्या वर जाता येत नाही. आठही तारांची कॅट ६ प्रकारची नवी लॅन केबल ओढली, आकडा १९० च्या पुढे गेला. अपलोडही तेवढाच. आता तीच ४० जीबीची फाइल अर्ध्या तासात चढते. नऊ इंची भिंतींपलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अजूनही मरतुकडंच आहे, तिथे भिंतीतून जास्त पोहोचणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झवरच काम भागवतो.

उन्हाळ्यात पाण्याच्या नव्या लाईनसाठी रस्ता खोदला आणि आमचं फायबर तुटलं. कित्येक दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात त्या खोदकामावर राग काढवत नाही. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली, पण त्यानंतर भर दुपारी डब्यावरचा सिग्नल गेल्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बघितलं तर सिग्नल उणे २६. घाईत केलेला जोड. आधीचा १९ चा आकडा हाताशी होता म्हणून वाद घालता आला. जोड पुन्हा मारल्यावर उणे २० वर आला. तक्रार करताना डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्याच. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, असा रस्ता आहे.

मृगाच्या आधीच्या विजा हा आपल्याकडचा मोठा त्रास. गच्चीवरून येणाऱ्या तांब्याच्या केबलमुळे पूर्वी शेजाऱ्यांचे राउटर जळाले होते. काचेतून वीज वाहत नाही, पण बाहेरून ओढलेल्या केबलला आधाराची स्टीलची तार असते. ती बाहेरच्या हुकालाच बांधून तोडायला सांगा, घरात घेऊ नका. या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये एकही राउटर गेला नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावल्यामुळे लाईट गेली तरी नेट चालू राहतं. मुलीची ‘नीट’ परीक्षेच्या सरावाची ऑनलाइन टेस्ट एकदा अशीच अंधारात पूर्ण झाली.

खटकलेल्या गोष्टी. इंटरनेटवर घर ओळखता येईल असा स्वतःचा आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे घरातल्या हार्डडिस्कवरचं फुटेज बाहेरून उघडता येत नाही. स्टॅटिक आयपीचे (स्वतःचा कायम पत्ता) पैसे वेगळे. ९९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ११७९ ला पडतो, तो आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात. महिन्याला ३३०० जीबी डेटाच्या मर्यादेचा त्रास भर लग्नसराईतही झाला नाही.

मुदत संपेल तेव्हा हाच प्लॅन पुन्हा घेणार आहे, पण सहा महिन्यांचाच. वर्षाचे पैसे एकदम भरले की सवलत मिळते, पण मध्येच कंपनी बदलावीशी वाटली तर हात बांधले जातात, आणि आमच्या पेटीत दुसऱ्या कंपनीचं फायबर येऊन बसलेलं आहे.