दोन बोटांएवढ्या चौकटीतले भय : एका मुखचित्र-सेवेचे परीक्षण

बंद पडलेल्या सूतगिरणीत रात्रपाळी करणारा पहारेकरी हा आमच्या हॉरर गेमचा नायक आहे. हा गेम आम्ही दोघे गेली तीन वर्षे नोकरी सांभाळून तयार करीत आहोत. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याचे पान उघडायची वेळ आली, तेव्हा तिथे लावण्याजोगे एकही चित्र आमच्याकडे नव्हते. गेममधलेच एक दृश्य उचलून त्यावर नाव टाकून पाहिले, तर अंधारात अंधार मिसळला आणि नावही वाचता येईना. म्हणून स्टीमच्या भाषेत ज्याला कॅप्सूल म्हणतात ते मुखचित्र आम्ही एका व्यावसायिक चित्रकर्तीकडून करून घेतले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. गेम अजून प्रकाशित झालेला नसल्यामुळे त्याचे नाव आणि चित्रकर्तीचे नाव येथे देत नाही.

त्यांची पहिली गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे त्यांनी चित्राविषयी काहीही बोलण्याआधी मापांविषयी विचारले. स्टीमच्या पानासाठी एक चित्र पुरत नाही. पानाच्या माथ्यावर 920 x 430 पिक्सेलचे, मुख्य जागेसाठी 1232 x 706 चे, उभ्या जागेसाठी 748 x 896 चे, आणि शोधयाद्यांसाठी 462 x 174 चे चित्र, म्हणजे लहान कॅप्सूल, द्यावे लागते. त्याशिवाय खरेदीनंतर ग्राहकाच्या संग्रहात दिसणारे 600 x 900 चे उभे चित्र आणि 3840 x 1240 ची रुंद पट्टी वेगळी असते, आणि त्या पट्टीवर एकही अक्षर चालत नाही. लहान कॅप्सूलपासून स्टीम स्वतःच आणखी छोट्या प्रती काढते, आणि त्यांतली सर्वांत छोटी 120 x 45 पिक्सेलची असते. चित्रकर्तींनी आम्हाला ती पडद्यावर प्रत्यक्ष दाखवली. शेजारी शेजारी धरलेल्या दोन बोटांपेक्षा ती फार मोठी नव्हती. बहुतेक ग्राहक आमच्या गेमला प्रथम याच आकारात भेटणार होते, आणि काम तिथूनच सुरू करायचे, असे त्यांनी सांगितले.

आमची मूळ मागणी अगदी ठरावीक होती. काळ्या पार्श्वभूमीवर रक्ताने माखलेला हात, मागे पहारेकऱ्याचा भेदरलेला चेहरा आणि त्याच्याही मागे गिरणीची चिमणी, असे आम्ही लिहून दिले होते. त्यांनी त्याप्रमाणे कच्चे रेखाटन केले, ते लहान करून दाखवले, आणि मग त्यातील प्रत्येक गोष्ट का टिकणार नाही हे शांतपणे समजावून सांगितले. दुकानातील चित्रे सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर ठेवण्याजोगी असावीत असा स्टीमचा दंडक असल्यामुळे रक्तबंबाळ हात अडचणीत येण्याची शक्यता होती. स्टीमच्या पानाचा रंगच गडद निळसर असल्यामुळे काळ्या कडांचे चित्र त्यात विरघळून जाते आणि चौकट कुठे संपते हेही कळत नाही. हात, चेहरा आणि चिमणी या तीन गोष्टी छोट्या आकारात एकमेकींना खाऊन टाकतात, आणि उरतो तो फक्त तपकिरी धब्बा. चित्राच्या कोपऱ्यात ‘लवकरच येत आहे’ असे लिहिण्याचाही आमचा विचार होता. 1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमने कॅप्सूलवर गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांखेरीज दुसरा मजकूर, म्हणजे परीक्षणांतील वाक्ये, पुरस्कारांची चिन्हे किंवा सवलतीच्या जाहिराती, बंद केल्या आहेत, हे त्यांच्यामुळेच आम्हाला वेळेवर कळले.

या टप्प्यावर त्यांनी तीन जुन्या गेमची उदाहरणे समोर ठेवली, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्या अर्ध्या तासाच्या चर्चेत होते. डेन्मार्कच्या प्लेडेड या संस्थेचा ‘लिंबो’ हा 2010 सालचा गेम. त्याच्या चित्रात काळ्या सावलीसारखा एक मुलगा आणि त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके असतात. चित्र कितीही लहान केले तरी ते दोन ठिपके उरतात, आणि ठिपक्यांना आपण डोळे समजतो, कारण माणसाची नजर अंधारात सर्वांत आधी डोळेच शोधते. स्कॉट कॉथन यांच्या 2014 सालच्या ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’मध्ये मुलांच्या पिझ्झा-दुकानातले यांत्रिक अस्वल अंधारातून थेट आपल्याकडे पाहते. भीती तिथे दातांपेक्षाही त्या ओळखीतून येते, कारण मुलांना रिझवण्यासाठी केलेला चेहरा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या उजेडात समोर आलेला असतो. तिसरे उदाहरण ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ या 2017 सालच्या गेमचे होते. त्याचे मुखचित्र गुलाबी आणि गोड आहे, भयाचा मागमूसही त्यात दिसत नाही, आणि तो गेम लहान मुलांसाठी किंवा सहज विचलित होणाऱ्यांसाठी नाही अशी सूचना दुकानातील पानावरच वाचायला मिळते. चित्र आणि सूचना यांच्यातील तो विसंवादच ग्राहकाला थांबवतो. मात्र हा मार्ग आमच्यासाठी नाही, असे चित्रकर्तींनी लगेच बजावले. सूतगिरणीचे गोड चित्र काढले तर ते पाहणाऱ्याला तिथे काही बिघडले आहे हे समजण्याचा मार्गच उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

मग त्यांनी आमच्याकडून गिरणीतल्या वस्तूंची यादी मागितली. भोंगा, हजेरीचा पत्रा, बॉबिन, रिंग फ्रेमचे चाते, पहारेकऱ्याची बॅटरी अशी सुमारे चाळीस नावे आम्ही पाठवली. त्यातून त्यांनी सुताचा कोन निवडला. वाइंडिंग खात्यात पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर सूत गुंडाळून जो पांढराशुभ्र शंकू तयार होतो, तो कोन. अंतिम चित्रात करड्या, धुळकट उजेडात असा एकच कोन जमिनीवर उभा आहे. त्याच्या पांढऱ्या अंगाभोवती सुताच्या जागी एक लांब काळा केस गुंडाळत वर गेला आहे. 920 पिक्सेलच्या आकारात तो केस स्पष्ट दिसतो आणि अंगावर काटा येतो. 120 पिक्सेलच्या आकारात केसाची फक्त एक काळी चीर उरते, आणि कोनाचा आकार पांढरे लुगडे नेसून पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या बाईसारखा भासतो. एकच आकृती दोन अंतरांवरून दोन वेगळ्या प्रकारे घाबरवते. हे योगायोगाने घडलेले नाही, कारण शंकूचा उतार त्यांनी सात वेळा बदलून पाहिल्याची रेखाटने माझ्याजवळ आहेत.

माझे मामा वाइंडिंग खात्यात अठ्ठावीस वर्षे कामाला होते. त्यांना चित्र दाखवले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “सुताचा कोन आहे ना हा, मग टोकाला रंग कुठाय?” वेगवेगळ्या काउंटचे, म्हणजे जाडी-बारीकपणाचे, सूत एकमेकांत मिसळू नये म्हणून पुठ्ठ्याच्या नळीची टोके निरनिराळ्या रंगांची असतात, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. मी हे चित्रकर्तींना कळवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी टोकावर फिकट हिरवा रंग दिला. सबंध चित्रात आता तेवढाच एक रंग आहे. हॉरर गेमच्या रांगेत लाल आणि काळ्याची गर्दी असताना तो हिरवा ठिपका नजर धरून ठेवतो.

अक्षरांच्या बाबतीत मात्र माझे पूर्ण समाधान झाले नाही. स्टीमवरचे रोमन लिपीतील नाव त्यांनी हाताने रेखाटले, ते लहान कॅप्सूलमध्ये जवळजवळ संपूर्ण रुंदी व्यापते आणि उत्तम वाचता येते. इच डॉट आयओ या गेमच्या दुसऱ्या संकेतस्थळासाठी 630 x 500 पिक्सेलचे वेगळे चित्र हवे होते, आणि तिथे नाव देवनागरीत असावे असा आमचा आग्रह होता. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि खाली उकार आला की मधल्या अक्षराला उंची कमी मिळते, आणि त्याचा विचार सुरुवातीपासून करावा लागतो. त्यांनी रोमन अक्षरांसाठी राखलेल्या पट्टीतच देवनागरी नाव बसवले, त्यामुळे ते दबल्यासारखे दिसते. दोनदा दुरुस्ती करूनही हा दोष पूर्णपणे गेला नाही. देवनागरी नाव हवे असल्यास ते पहिल्याच पत्रात लिहून द्यावे, अशी माझी इतर मराठी गेमकारांना विनंती आहे.

उभ्या कॅप्सूलविषयीही एक तक्रार आहे. पहिल्यांदा ती आडव्या चित्राच्या दोन्ही बाजू कापून पाठवण्यात आली आणि कोन चौकटीत अडकल्यासारखा दिसू लागला. आम्ही हरकत घेतल्यावर त्यांनी वेगळी रचना केली, वर छताच्या कैच्यांचा अंधार वाढवला, आणि ती आज सर्व चित्रांत मला सर्वांत जास्त आवडते. पण या फेरीमुळे ठरलेल्या पाच आठवड्यांऐवजी सात आठवडे लागले. थरांसहित मूळ फाइल हवी असल्यास वेगळे पैसे पडतात, ही अटही करारात ठळकपणे लिहिलेली नव्हती.

सर्व मापांचे मिळून 38,000 रुपये आणि मूळ फाइलचे 6,000 रुपये आम्ही दिले. दोघांच्या खिशातून चालणाऱ्या कामासाठी ही रक्कम लहान नाही. तरीही पुढच्या गेमचे मुखचित्र आम्ही त्यांच्याकडूनच करून घेणार आहोत, आणि त्यासाठीच्या वस्तूंची यादी लिहायला मी मामांच्या शेजारी बसून सुरुवातही केली आहे.