तयार शालेय गणवेश: शर्ट बाहेर येतो तो कुणामुळे?

तयार मिळणारा शालेय गणवेश म्हणजे साधारणपणे पांढरा शर्ट, गडद पँट किंवा प्लेट्सचा स्कर्ट, टाय आणि मोजे. हा संच कापड, शिलाई आणि रोजचा वापर अशा तिन्ही अंगांनी तपासला की एक गोष्ट स्पष्ट दिसते: शाळेत ज्याला बेशिस्त म्हणतात, त्यातला बराच भाग कपडा बेतण्यातच ठरून गेलेला असतो. शर्ट बाहेर, वरचं बटण उघडं, मोजे घोट्यावर, स्कर्ट आखूड. या तक्रारी मुलाला रागावून जात नाहीत, कारण त्यांचं मूळ शिवणीत आहे.

सगळ्यात जास्त बोलणी शर्टावरून बसतात, म्हणून तो आधी. तयार शर्टाचं माप छातीवरून ठरतं. उंच, सडपातळ मुलाला छातीला बसणारा शर्ट लांबीला अपुरा पडतो. लांबीसाठी पुढचा नंबर घ्यावा तर घेर भरपूर वाढतो आणि लांबी थोडीच. शिवाय एकच नंबर जाड-बारीक सगळ्यांना चढावा म्हणून काख खोल कापलेली असते. खोल काखेमुळे हात वर केला की बाहीबरोबर शर्टाची अख्खी बाजू वर ओढली जाते. फळ्यावर लिहायला गेलं, उत्तरासाठी हात वर केला, की शर्ट पँटमधून निघतो आणि हात खाली आला तरी परत आत जात नाही. म्हणजे तासाला उत्साहानं हात वर करणारं मूलच सर्वात गबाळं दिसतं!

दुकानातच याची परीक्षा घेता येते. सगळी बटणं लावून, शर्ट आत खोचून मुलाला दोन्ही हात सरळ वर करायला सांगा, मग वाकून पायाचे अंगठे धरायला सांगा. एवढं करूनही खालची कड कंबरपट्टीच्या आत राहिली तर शर्ट घ्या. खोचल्यावर कंबरेखाली किमान १५ सेंटिमीटर कापड हवं, मूल भराभर वाढत असेल तर १८. बाजूंना वर वळवलेली गोल कड खोचायच्या शर्टाला कामाची नाही, कारण नेमकं बाजूलाच कापड कमी पडतं. सरळ कड घ्यावी.

कॉलर बंद केल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एकच बोट कसंबसं जात असेल, तर काही महिन्यांत मूल वरचं बटण उघडं ठेवणार आणि तेच योग्य आहे. गळा आवळून बसण्यात कसली शिस्त? कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं कडक अस्तर (फ्युजिंग) हलक्या प्रतीचं असलं, की काही धुण्यांनंतर ते सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात. इस्त्रीनं ते बसत नाहीत. बटणंही उलट्या बाजूनं पाहून घ्यावीत. एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्यानं लावलेलं बटण दोऱ्याचं टोक ओढलं गेलं की अख्खं निघून येतं. शर्ट घरी आणल्याबरोबर प्रत्येक बटणातून दुहेरी दोऱ्याचे चार टाके घालून मागे गाठ मारली, तर वर्षभर प्रश्न येत नाही.

कापडात ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत हे मिश्रण सर्रास मिळतं. ते कमी चुरगळतं, लवकर वाळतं, आकसत नाही. पण नेहमीच्या हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम कापडात शोषला न जाता अंगावर राहतो आणि शेवटच्या तासांना मुलं चुळबुळ करू लागतात. पॉलिएस्टर तेलकटपणाही धरून ठेवतं, म्हणून कॉलरचा काळा पट्टा आणि काखेतला वास सुती शर्टापेक्षा चिवट असतो. धुण्याआधी कॉलरला साबण चोळून १५ मिनिटं ठेवावं. क्लोरीनचा ब्लीच टाळावा. पांढरेपणा वाढण्याऐवजी मिश्र कापड पिवळट पडतं आणि धागाही कमजोर होतो. उष्ण हवेच्या जागी सुताचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असलेला शर्ट चुरगळला तरी घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. इस्त्री मोडली म्हणून मुलाला उभं करणारी शाळा असेल, तर नियम बदलावा, कापड नको.

पँटमध्ये दोन जागा पाहायच्या: कंबर आणि आसन. आसनाची शिवण एकेरी टिपेची असेल, तर मांडी घालून बसताना किंवा धावताना ती उसवते. तिथे दुहेरी टीप हवी, चेनच्या खालच्या टोकाला आणि खिशांच्या कोपऱ्यांना पक्के आडवे टाके हवेत. कंबरेला नुसता हुक असेल तर काही महिन्यांतच ती एक तर घट्ट होते, नाही तर सैल असल्यामुळे घसरते. आतून काजांचं इलास्टिक आणि दोन्ही बाजूंना बटण अशी सोय असलेली पँट थोडी महाग पडली तरी घ्यावी. ती कमी-जास्त करता येते.

मूल शाळकरी वयात वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, वयात येताना मुलगे एका वर्षात ९-१० सेंटिमीटरही वाढतात. म्हणून पायाच्या दुमडीत किमान ६ सेंटिमीटर माया, म्हणजे पुढे उघडून लांबी वाढवता येईल असं जादा कापड हवं. बऱ्याच तयार पँटींत ती दीड-दोन सेंटिमीटरच असते, आणि उघडायला गेलं की आत ओव्हरलॉक केलेली (धागे सुटू नयेत म्हणून मशीननं गुंफलेली) कड लगेच हाताला लागते. दुमड उघडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसू नये म्हणून पँट उलटी करून धुवावी, सावलीत वाळवावी. गडद पॉलिएस्टरवर कडक इस्त्री फिरवली की गुडघ्यावर आणि मागे कायमची चकाकी येते. मधल्या तापमानावर, वर ओलसर सुती कापड ठेवून इस्त्री करावी.

स्कर्टची लांबी हा तर कायमच्या वादाचा विषय. प्लेट्स कंबरेपासून १० सेंटिमीटर तरी शिवून खाली आणलेल्या नसतील, तर कापड पोटावर फुगतं. मग मुली कंबर गुंडाळतात, स्कर्ट वर जातो आणि लांबीची तपासणी सुरू होते. कंबर नीट बसली तर गुंडाळायचं एक मोठं कारणच जातं. स्कर्टला खोल खिसा हवाच. पाळीच्या दिवसांत पॅड घेऊन स्वच्छतागृहात जाण्यासाठी मुलीला सगळ्या वर्गासमोर दप्तर उघडावं लागू नये, एवढी साधी गोष्ट बहुतेक तयार स्कर्टांत विसरलेली असते. मुलींना पँटचा पर्याय असावा, हे वेगळं सांगायला नको.

मोज्यांत नुसतं सूत आणि वर इलास्टिकचा दोरा असेल तर ते घसरणारच. विणीतच थोडं इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा हवा आणि धुताना गरम पाणी टाळायला हवं, कारण उष्णतेनं ताण मरतो. टाय ओढल्यावर सुटणारा, म्हणजे क्लिपचा किंवा वेल्क्रोचा घ्यावा. खेळताना गळ्याशी अडकणारी वस्तू लहान मुलाला नकोच. मानेमागचं टोचणारं लेबल पहिल्याच दिवशी कापून टाकावं. दिवसभर मान खाजवणारं मूल अस्थिर वाटतं, त्याला कारण तेवढंच असू शकतं.

गणवेशानं वर्तन सुधारतं, हा दावा विक्रीच्या वेळी हमखास ऐकू येतो. अमेरिकेतल्या लाँग बीच इथे १९९४ मध्ये गणवेश सक्तीचा झाला, नंतर शाळांमधले गुन्हे घटल्याचं सांगितलं गेलं आणि उदाहरण गाजलं. पण त्याच काळात तिथे इतर सुधारणाही सुरू होत्या. डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी ॲन रॉकेमोर या समाजशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दहावीच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा गणवेशाचा हजेरीवर किंवा वर्तनावर थेट परिणाम आढळला नाही. सकाळी काय घालायचं हा वाद वाचतो, सहलीत आपली मुलं पटकन ओळखू येतात, कपड्यांवरून घरची परिस्थिती तेवढी उघड होत नाही. हे फायदे खरे आहेत आणि गणवेशासाठी पुरेसेही आहेत.

मळका गणवेश हाही शिस्तीचा नव्हे, संख्येचा प्रश्न आहे. एकच जोड असेल तर तो रोज रात्री धुवावा लागतो आणि दमट हवेत सकाळपर्यंत वाळत नाही. तीन शर्ट आणि दोन पँट किंवा स्कर्ट ही किमान गरज धरावी. शाळेनं बिल्ला वेगळा, टाचून शिवता येईल असा दिला आणि कापडाचं मिश्रण, रंगाची छटा, दुमडीतली माया एका कागदावर लिहून दिली, तर पालक कुठूनही शर्ट घेऊ शकतात आणि बिल्ला मोठ्या भावंडाच्या शर्टावरून धाकट्याच्या शर्टावर जातो.

खरेदी शाळा सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावी. नव्या कापडात खळ असते, म्हणून सगळे कपडे वापरण्यापूर्वी एकदा धुवावेत. गडद पँट वेगळी भिजवावी. पहिल्या पाण्यात रंग सुटला तर पांढरे शर्ट तिच्याबरोबर कधीच टाकू नयेत. धुतल्यानंतर शर्टाची खोचण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. सुती शर्ट आधी आकसवलेल्या कापडाचा नसेल, तर लांबीत ३ ते ५ टक्के कमी होऊ शकतो. ६० सेंटिमीटरच्या शर्टात हे २ ते ३ सेंटिमीटर होतात, आणि शर्ट आत राहणार की बाहेर येणार हे तेवढ्यावरच ठरतं. म्हणून बदलून देण्याची मुदत पहिल्या धुण्यानंतरही लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारून पावतीवर लिहून घ्यावं.