दारू सोडणाऱ्याच्या घरात बाटली ठेवावी का? चार पर्याय, समोरासमोर

उपचार घेऊन माणूस घरी यायचा असतो, तेव्हा घरच्यांचं बोलणं फिरून फिरून फडताळातल्या बाटलीवर येतं. धाकटा भाऊ घेतो, त्याचं काय करायचं? पोळ्याच्या करीला पाहुणे येतील, त्यांना काय द्यायचं? आजीच्या गुडघ्याला चोळायला मोहाची ठेवली आहे, तीही फेकायची का? आणि घरात एक तरी जण म्हणतोच, “असू द्या समोर. समोर असून जो पीत नाही, तोच खरा सुटला.”

हे शेवटचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. तलफ लाटेसारखी येते: चढते, टिपेला पोचते आणि प्यायलं नाही तर साधारण १५ ते ३० मिनिटांत उतरते. त्या अर्ध्या तासात माणूस आणि दारू यांच्यात किती अंतर आहे, यावर सगळं ठरतं. भट्टी तीन किलोमीटरवर असेल तर चपला घालाव्या लागतात, खिशात पैसे लागतात, गाडीची किल्ली मागावी लागते, पानठेल्यावरच्या चार माणसांसमोरून जावं लागतं. यातल्या प्रत्येक पायरीवर परत फिरायला जागा आहे. बाटली माजघरात असेल तर मध्ये दहा पावलं आणि एक झाकण. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू त्या वासाने आणि त्या बाटलीच्या नुसत्या दिसण्याने जागा होतो. त्यात निश्चयाचा कच्चेपणा नाही, तो आजाराचाच भाग आहे.

आधी एक धोक्याची गोष्ट

माणूस अजून रोज पीत असेल, सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील आणि घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर आज रात्री घरातली सगळी दारू ओतून देऊ नका. अशा शरीराची दारू एकदम तोडली तर ६ ते २४ तासांत कंप, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो: माणूस बरळतो, नसलेली माणसं नि किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. गावाकडे याला “बाहेरचं लागलं” म्हणून मांत्रिकाकडे नेतात आणि तिथे जीव जातो. आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. डॉक्टर साधारण आठवडाभर, दिवसेंदिवस कमी होत जाणाऱ्या गोळ्या देतात आणि थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ देतात. “अशक्तपणा आहे, सलाईन लावा” असं स्वतःहून कुठे सांगणार असाल, तर आधी हा माणूस रोज पितो हे सांगा. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. झटके किंवा भ्रम दिसला की थेट १०८. घर रिकामं करायचं ते उपचार सुरू होतील त्या दिवशी, माणूस घरी परतायच्या आत.

पर्याय १: घर पूर्ण कोरडं

पहिले तीन महिने सगळ्यांत निसरडे असतात आणि तेवढ्यासाठी तरी याला तोड नाही. पण “कोरडं” म्हणताना घरं अर्धवट थांबतात. बाटली जाते, बाकीचं राहतं. एकदा नीट झडती घ्या: फडताळ, कोठ्यातला कुटार, तुराट्यांचा ढीग, गाडीची डिकी, वावरातली खोपडी, विहिरीवरची मोटारपेटी. लपवलेली बाटली कुठे आहे हे पिणाऱ्याला पक्कं आठवतं, म्हणून ही झडती तो यायच्या आधी, दोघांनी मिळून. सापडलेली दारू शेजाऱ्याला देऊ नका. ती भिंतीपलीकडेच राहते आणि संध्याकाळी तोच शेजारी हाक मारतो. ओतून टाका. मोहाचा सडवा (गाळण्यासाठी आंबवलेली फुलं) असेल तर खड्डा करून पुरा. उघड्या नालीत ओतला तर गुरं पितात आणि बाधतं.

रिकाम्या बाटल्याही काढा. याची दोन कारणं आहेत. एक, ती दिसली की तलफ येते. दुसरं जास्त गंभीर: आपल्याकडे पव्व्याच्या रिकाम्या बाटलीत फवारणीचं औषध काढून ठेवायची सवय आहे. अंधारात, तलफेत, लेबल नसलेली बाटली तोंडाला लागली तर पुढचं सांगायला नको. आणि दारू सोडल्यानंतरचे आठवडे उदासीचे असतात, कर्ज तसंच असतं, झोप नसते. त्या काळात कीटकनाशक घरात नको. कुलूपबंद पेटीत वावरात ठेवा किंवा गरजेपुरतंच आणा, किल्ली दुसऱ्याकडे. माणूस जगण्यालाच कंटाळल्याचं बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

पर्याय २: बाटली कुलपात, किल्ली बायकोकडे किंवा आईकडे

ऐकायला समजूतदार वाटतं, चालत मात्र नाही. किल्ली जिच्याकडे, ती घरातली जेलर होते. तलफ आली की भांडण दारूशी न होता तिच्याशी होतं, आणि जिथे आधी मारहाण झाली आहे तिथे हा पर्याय तिच्यासाठी सरळ धोक्याचा आहे. शिवाय पत्र्याच्या पेटीचं कुलूप विळ्याने तुटतं. ज्या घरात एकही बाटली ठेवायचं खरं कारण नाही, तिथे कुलूप कशाला?

किल्ली-कुलूप वापरायचंच तर ते गोळीसाठी वापरा. डायसल्फिराम (वर दारू प्यायली तर त्रास व्हावा म्हणून डॉक्टर देतात ती गोळी) सुरू असेल तर ती रोज सकाळी चहासोबत, घरच्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच्या स्वतःच्या संमतीने घ्यायची. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. गोळी घेऊन दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. भाजीत, चहात चोरून ती कधीही घालू नका. नकळत गोळी पोटात आणि वर पव्वा, यात माणूस दगावू शकतो.

पर्याय ३: घरातले इतर पितात, त्यांची राहू द्यायची

एकत्र कुटुंबात हाच खरा पेच आहे. भाऊ किंवा वडील पिणं सोडणार नाहीत, वेगळं घर परवडणार नाही. अशा वेळी पूर्ण बंदीची शपथ घालून ती आठवड्यात मोडण्यापेक्षा मोजकी बोलणी करा: घरात साठा नाही. ज्याला घ्यायची त्याने बाहेर घ्यावी, बाटली घरी आणू नये, पिऊन आल्यावर सपरीत त्याच्याशेजारी बसू नये, अंथरूण वेगळ्या खोलीत. पहिले सहा महिने एवढं पाळलं तरी पुष्कळ. हे बोलणं सोडणाऱ्याने करायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने किंवा मामाने, भाऊ शुद्धीत असताना, सकाळी करायचं.

“मग निदान बिअर ठेवू” असा सौदा इथे निघतो. हिशेब करा. देशीच्या १८० मिलीच्या पव्व्यात ४२.८ टक्क्यांनी सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली दोन-तृतीयांश पव्वा. घरच्या मोहाच्या दारूला तर ठरलेली टक्केवारीच नसते.

पर्याय ४: घरात नाही, वावरात

हा तडजोडीसारखा दिसतो, पण चारांत सर्वांत वाईट आहे. खोपडीत बघणारं कोणी नसतं, सालदार सोबतीला बसतो, रात्री जागलीला जायचं निमित्त मिळतं. घरात प्यायला तर निदान कुणाला दिसतं. वावरात पिऊन पडला तर सकाळपर्यंत कळत नाही. काही आठवडे कोरडे गेले की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचे तीन पव्वे आता झेपत नाहीत, उलटी श्वासनळीत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो.

“औषधाला” ठेवलेली

गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून चोळा, दारूने वेगळं काही साधत नाही. बैलाच्या पोटफुगीला पशुवैद्यकाला बोलवा. दशमूलारिष्ट, कुमारीआसव यांसारख्या आसव-अरिष्टांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. काही खोकल्याच्या औषधांतही असतं. डायसल्फिराम घेणाऱ्यासाठी ही बाटलीही दारूच. दुकानात औषध घेताना हे सांगा.

मोहाची घरं

जिथे मोहफूल वेचणं आणि गाळणं हा घरचा व्यवहार आहे, तिथे “फेकून द्या” म्हणणं सोपं नाही. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, आणि सोडणाऱ्याची पहिली मोठी परीक्षा बहुतेक तेव्हाच असते. फुलं वाळवून विका, भट्टी त्या वर्षी लावू नका. पूजेत देवाला, पितरांना मोहाची वाहायची असेल तर विधीपुरती थोडी, त्याच दिवशी, दुसऱ्या घरून आणा आणि उरलेली तिथेच संपवा. सोडणाऱ्याने ओतायची असेल तर भुमकाला, म्हणजे पूजा करणाऱ्याला, आधी सांगून ठेवा. पाणी किंवा फुलं वाहण्याचा मार्ग तेच सुचवू शकतात.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. बंदीच्या जिल्ह्यात बाटली घरात सापडणं हा गुन्हाही आहे. पण “आमच्याकडे तर बंदीच आहे” म्हणून निर्धास्त राहू नका. दुकान नसतं तिथे लोक एकदम जास्त आणून घरात साठवतात आणि विकणाऱ्याचं घर गल्लीतच असतं. उधारी चालते ती तिथेच. म्हणून त्या विकणाऱ्याची थकबाकी फेडून खातं बंद करा, आणि हे पैसे सोडणाऱ्याच्या हातात न देता घरच्या दुसऱ्याने नेऊन द्या. वसुलीच्या निमित्ताने विकणारा दारात उभा राहिला की सगळ्या झडतीवर पाणी पडतं.

मग ठरवायचं कसं

घरात दुसरं कुणी पीत नसेल तर पर्याय १, विचार करायचीही गरज नाही. कुणी पीत असेल तर वरच्या अटींसह पर्याय ३. दोन आणि चार कुठल्याच घराला सुचवण्यासारखे नाहीत. पोळा, तेरवी, लग्न, कापसाचे पैसे येतात तो आठवडा, आठवडी बाजाराचा दिवस: या दिवसांसाठी आधीच ठरवा की तो कुणासोबत असेल आणि किती वाजता घरी परतेल. घरी पाहुणे असतील तर “आमच्याकडे आता ठेवत नाही” एवढं वाक्य यजमानाने स्वतः, जेवणाआधी म्हणायचं.

वर्ष कोरडं गेलं की “आता ठेवायला हरकत नाही” असं घरचेच म्हणू लागतात. घाई नको. त्याला स्वतःला विचारा, उपचार करणाऱ्या डॉक्टरला विचारा, आणि उत्तर “नको” आलं तर तिथेच थांबा. बाटली घरात असल्याचा कुणाला काही फायदा असेल तर तो मोजून दाखवा, बहुतेक वेळा यादीच होत नाही.

आणि मधेच घसरलाच, तर उरलेली दारू त्याच रात्री ओता, माणसाला एकटं झोपवू नका, कुशीवर झोपवा. दुसऱ्या दिवशी दवाखाना, किंवा व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. एका रात्रीची घसरण असेल तर बहुधा तेवढ्यावर आवरते. चार-पाच दिवस सलग प्यायला असेल तर पुन्हा एकदम तोडू नका. वर सांगितलेला झटक्यांचा धोका तेव्हा परत उभा राहतो.