चार टाळकी जमली की लावायचा सिनेमा

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याकडे शनिवारी मंडळी जमली की माझी पहिली शिफारस ठरलेली: परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट कसा काढला, त्याची ही गोष्ट. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, म्हणून नव्हे हं! (थोडं म्हणूनही.) सिनेमाच्या वेडापायी घरातलं सामान विकणारा माणूस इतक्या हसतमुखाने रंगवलाय नंदू माधवांनी, की कुठे रडगाणं नाही. स्त्रीभूमिकेसाठी मिशी काढायची म्हटल्यावर नटांची जी तंतरते, तिथे तर सोफ्यावरची माणसं खाली येतात. लांबी दीड तासाच्या आसपास, म्हणजे जेवणाआधी संपतो.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) दुसरा लावा. सगळ्यांना संवाद पाठ, त्यामुळे मध्येच कोंडाजीचा चिवडा आणायला कुणी उठलं तरी अडत नाही. भुताचे सिनेमे मात्र मला विचारू नका.