नाव गावच्या यादीत की शहराच्या?

सिडकोत फ्लॅट आणि दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, असा दोन्हीकडे संसार असलेली कुटुंबं नाशकात पुष्कळ. मतदार यादीत नाव मात्र एकाच जागी राहतं, तेही जिथे आपलं नेहमीचं राहणं आहे तिथे. म्हणून बस्तान कुठे ठेवायचं हे ठरवताना शाळा-दवाखान्याबरोबर आपला शब्द कुठे चालतो हेही बघा.

गावच्या पंचायतींना घटनेत स्थान दिलं 73व्या घटनादुरुस्तीने, शहरांच्या पालिकांना 74व्या. दोन्ही 1993 साली अमलात आल्या. पाच वर्षांची मुदत आणि महिलांचं आरक्षण दोन्हीकडे आहे. खरा फरक ग्रामसभेचा. गावात प्रत्येक मतदार तिचा सभासद, निवडून यायची गरज नाही. आमच्या गावच्या सभेत एका आजींनी पाणीपट्टीचा हिशेब मागितला. ग्रामसेवकांनी चष्मा पुसला, कीर्द उघडली आणि सगळ्यांसमोर एकेक रक्कम वाचली. वाचून होईपर्यंत आजी उभ्याच होत्या. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पेठ, सुरगाण्याकडे तर 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याने, ग्रामसभेला आणखी बळ दिलंय.

शहरात अशी सभा नाही. तीन लाखांवर वस्ती असेल तर प्रभाग समित्या असतात, नाशिकच्या सहाही विभागांत आहेत, पण तिथे बसतात नगरसेवक. आपण त्यांना गाठायचं. कारभाराची सही महापौरांची नसते, आयुक्तांची असते, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक थेट जानेवारी 2026 ला झाली. मधे सगळा कारभार प्रशासकाकडे. जिल्हा परिषदेवरही 2022 पासून प्रशासकच आला, त्यामुळे गावाकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही.

घटनेच्या यादीत गावाकडे सोपवायचे 29 विषय, शहराकडे 18, या आकड्यांवर जाऊ नका. ते सोपवायचे की नाही, हे राज्याच्या हातात आहे. पैशाच्या बाबतीत शहर उजवं. ग्रामपंचायतीची घरपट्टी तुटपुंजी, मोठ्या कामासाठी वित्त आयोगाच्या निधीची वाट बघावी लागते.

माझं मत विचाराल, तर आठवड्यातले बहुतेक दिवस बागेत जात असतील आणि सभेला जाऊन बसायची तयारी असेल, तर नाव गावातच ठेवा. मुलं शहरात शिकतायत, कचरा-पाण्यासाठी रोज महापालिकेशीच गाठ आहे, तर शहरात आणा. पत्ता बदलायला नमुना 8 भरायचा असतो.