सॉवरवुडच्या बाटलीत दुसराच मध

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना किंवा उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात रंगलेली पानं बघायला गेलात की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर 'सॉवरवुड हनी', म्हणजे सॉवरवुड झाडाच्या फुलांचा मध, दिसतो. साध्या रानमधापेक्षा बराच महाग. इथली फसवणूक नेहमी साखरेच्या पाकाची नसते, म्हणून ती घरगुती चाचणीत पकडता येत नाही. मध खरा असतो, झाड दुसरं असतं. पाण्यात थेंब सोडा नाहीतर कापसाची वात पेटवा, झाड कळत नाही.

सॉवरवुड ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातलं. नदीकाठी, जंगलाच्या कडेला, आम्लधर्मी मातीत वाढतं. पान चावलं की आंबट लागतं, नाव त्यावरूनच पडलं. जूनअखेरीस इवल्या पांढऱ्या घंटांचे घोस लोंबू लागतात, जुलैत भर असतो. त्याआधी एप्रिल-मेमध्ये ट्यूलिप पॉप्लर हा दुसरा वृक्ष फुलतो, त्याचा मध गडद, लालसर. म्हणून मधपाळाने जूनमध्येच मधकोठ्या (पेटीवरचे मध साठवायचे कप्पे) उतरवून तो मध काढायचा, रिकाम्या चौकटी चढवायच्या आणि सॉवरवुडचा बहर ओसरताच त्या काढून घ्यायच्या. हे कष्ट टाळले की दोन्ही मध एकाच कोठीत मिसळतात आणि लेबल मात्र महागड्याचं लागतं. याहून वाईट म्हणजे मुद्दाम केलेली भेसळ: नावाला सॉवरवुड, बाकी पिंपातून आणलेला क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचा फिका मध.

बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचाच. पुढे ठळक 'सॉवरवुड' आणि मागे 'अर्जेंटिना, भारत, व्हिएतनाम' असेल, तर बाटली तिथेच ठेवा. हे झाड मूळचं अमेरिकेच्या पूर्व भागातलं, याचा मध त्या देशांतून येत नाही. मे महिन्यात 'यंदाचा ताजा' म्हणणाऱ्याकडूनही घेऊ नका, तेव्हा झाड फुललेलंच नसतं.

खरा मध फिका सोनेरी, कधी किंचित करड्या झाकेचा. चव लोण्यासारखी, कॅरॅमल आणि बडीशेपेच्या अंगाने जाणारी. थिजतो सावकाश. तरी नुसत्या जिभेवर भिस्त ठेवू नका. मधमाश्यांच्या पेट्या कोणत्या काउंटीत (जिल्ह्यात) होत्या, कोठ्या कधी चढवल्या, कधी उतरवल्या, हे विचारा. स्वतः पेट्या सांभाळणारा तारखा पटकन सांगतो.

दिवाळीभेटीसाठी खोकं घ्यायचं असेल तर आधी एकच बाटली घ्या. अतिबारीक गाळणीतून काढलेला मध नको, कारण त्यात परागकण उरत नाहीत आणि मग प्रयोगशाळेलाही झाड ओळखणं कठीण जातं. बिलावर 'सॉवरवुड' आणि काढणीचं वर्ष लिहून घ्या.