विहिरीवरची जाळी आणि कोंबड्यांचे खुराडे : पावसजवळच्या एका वेल्डिंग कारखान्याचे काम

येथे ज्या कामाचे परीक्षण केले आहे ते दिसायला अगदी साधे आहे. आंब्याच्या बागेतील दहा फूट व्यासाच्या, कठडा नसलेल्या विहिरीवर बसवलेली लोखंडी जाळी, आणि तिच्याबरोबरच करून घेतलेले कोंबड्यांचे खुराडे, अशी ही दोन कामे रत्नागिरी जिल्ह्यातील पावस गावाजवळच्या एका लहान वेल्डिंग कारखान्याने केली. मालकाने आपले नाव छापू नये असे बजावले आहे. वैशाखात त्याच्याकडे पावसाळी शेडची कामे इतकी तुंबलेली असतात की नवे गिऱ्हाईक आले तर तो कपाळाला हात लावतो. तेव्हा नावाऐवजी कामाचा तपशील देतो. तो कोकणातल्या कोणत्याही बऱ्या वेल्डरला दाखवला तर त्याला त्यातून काम उभे करता येईल.

ही जाळी माणूस किंवा गुरेढोरे पडू नयेत म्हणून जितकी आहे, तितकीच बिबट्या पडू नये म्हणून आहे. आपल्याकडच्या बागांतील जुन्या विहिरी जांभ्यात सरळ खाली उतरवलेल्या असतात आणि त्यांचा काठ बहुधा जमिनीशी समपातळीत असतो. पावसाळा सरता सरता गवत कमरेपर्यंत वाढते आणि काठ कोठे संपतो हे दिवसाउजेडीही नीट कळत नाही. बिबट्या रात्री पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, कडेने फिरतो. राखणदाराच्या कुत्र्यामागे तो धावला, की कुत्रा वाट ओळखत असल्याने काठावरून वळतो आणि बिबट्या सरळ आत जातो. त्याला पोहता उत्तम येते, परंतु ताशीव चिऱ्याला शेवाळ धरलेले असल्याने नखे रोवता येत नाहीत. मग पंपाचा पाइप किंवा एखादी कपार पकडून तो सकाळपर्यंत तग धरतो, किंवा थकून बुडतो.

असा बिबट्या जिवंत दिसला तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे, हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. पथक येईपर्यंत दोराने फळी, ओंडका किंवा बाज खाली सोडून जनावराला टेकायला जागा करून दिली जाते, आणि पुढे पिंजरा उतरवला की बहुतेक वेळा ते आपण होऊन त्यात शिरते. पाण्यात असलेल्या जनावराला बेशुद्धीचे इंजेक्शन मारणे धोक्याचे असते, कारण भूल चढताच ते बुडते. या सगळ्यात खरी अडचण बिबट्याची नसून काठाभोवती जमलेल्या बघ्यांची असते. वर दोनशे माणसे आरडाओरडा करत मोबाइल धरून उभी असतील तर कोणते जनावर वर यायला धजेल? सुटकेची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात, जाळीचे छायाचित्र मात्र कोणी छापत नाही, आणि म्हणूनच की काय, सुटकेचे कौतुक करणारे आपण जाळीचा खर्च मात्र पुढल्या वर्षावर ढकलत राहतो.

सुटका झाल्यावरही प्रश्न संपत नाही. पकडलेला बिबट्या सोडायचा कोठे, यावरून गावात वाद होतो आणि ‘लांब नेऊन सोडा’ हा आग्रह हमखास धरला जातो. जुन्नर भागात दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की जेथे असे बिबटे सोडले, त्या परिसरात माणसांवरील हल्ले वाढले. जनावर विहिरीत पडलेच नाही तर ही वेळ मुळात येत नाही. गीरच्या आसपासच्या शेतांत सिंह पडून मरत, म्हणून गुजरातेत उघड्या विहिरींना कठडे बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. कोकणात मात्र हा विषय अजून बहुतांशी ज्याच्या त्याच्या खिशावर सोडलेला आहे. देशभरातील २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले असून मध्य प्रदेशानंतर आपला क्रमांक लागतो. हा अंदाज प्रामुख्याने जंगलांपुरता आहे, म्हणजे आपल्या कलमांच्या बागांतून हिंडणारे बिबटे त्यात धरलेलेही नसावेत.

आता जाळीविषयी. कारखान्याने प्रथम आठ मिलिमीटरची सळई सुचवली होती. ती स्वस्त पडते, परंतु दहा फुटांच्या गाळ्यावर माणसाच्या वजनानेही ती झोळासारखी वाकते, त्यामुळे दहा मिलिमीटरचा आग्रह धरला. हिशेब कोणालाही करता येण्यासारखा आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत मिळते. दहाच्या सळईला हे ०.६१७ किलो येते. दोन्ही दिशांना सहा-सहा इंचांवर सळया टाकल्या तर या विहिरीला सुमारे ९४ मीटर सळई लागते, म्हणजे ५८ किलो. त्यात बाहेरची चौकट आणि मधले दोन आधार यांचे अँगल (काटकोनी लोखंडी पट्ट्या) धरले की एकूण वजन ११० किलोंच्या पुढे जाते. मजुरी आणि रंग धरून किलोमागे सव्वाशेच्या आसपास दर पडला. कारखान्याने वजन आमच्यासमोर काट्यावर करून दाखवले आणि कापून उरलेले तुकडे वजनातून वजा केले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण असे सगळेच करत नाहीत.

चौकट गोल न करता अष्टकोनी केली आहे. लहान कारखान्यात अँगल गोल वाकवण्याचे यंत्र नसते, आणि ते नसताना ठोकून वाकवलेला अँगल पिळतो. मालकाने हे आपण होऊन सांगितले आणि जाळी दोन अर्ध्या भागांत केली, त्यामुळे चार माणसांना ती पाखाडीने उतरवता आली. बसवण्याच्या बाबतीत त्याची समज सर्वांत जास्त दिसली. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने त्यात थेट ठोकलेले बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात सैल होतात. म्हणून त्याने काठावरचे निसटते चिरे काढून टाकले, भोवती काँक्रीटचा नऊ इंची पट्टा ओतला आणि जाळीचे पाय त्यातच गाडले. पट्टा जमिनीपासून गुडघाभर वर आल्याने पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरणेही थांबले, हा न मागता मिळालेला लाभ.

सहा इंचांच्या चौकोनातून बिबट्या जाणार नाही, परंतु रानमांजर आणि विशेषतः त्याची पिल्ले सहज जातील. जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांत गणली जाणारी वाघाटी तर दीड किलोच्या आसपास वजनाची असते. म्हणून वरून दोन इंची वेल्डेड जाळी अंथरून घेतली. हिचा एक तोटा लगेच लक्षात आला, तो असा की फणसाची आणि आंब्याची पाने तिच्यावर साचतात, कुजतात, आणि ओला पाचोळा दिवसेंदिवस लोखंडाला चिकटून राहतो. आठवड्याला केरसुणी फिरवणे भाग आहे. ज्यांची विहीर झाडाखाली आहे त्यांनी हे आधीच मनाशी धरावे.

खऱ्या तक्रारी दोन आहेत. पहिली गंजाची. या पट्ट्यात खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस एकत्र येतात, आणि लोखंडाला याहून वाईट हवा शोधून सापडणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घेतली तरी वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याजवळचा, म्हणजे जोडाजवळचा, मुलामा जळतो आणि गंज नेमका तेथूनच चढू लागतो. टाके ग्राइंडरने साफ करून त्यांवर जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा असे ठरले होते. प्रत्यक्षात साधा रेडऑक्साइड मारून वर हिरवा रंग चढवला गेला, आणि दिवाळीपर्यंत बऱ्याच टाक्यांभोवती तांबूस कडी उमटली. कळवल्यावर कारागीर येऊन ते पुन्हा करून गेला, पैसे मागितले नाहीत, तथापि ते काम पहिल्याच वेळी व्हायला हवे होते.

दुसरी तक्रार दाराची. पंप काढण्यासाठी आणि पोहरा सोडण्यासाठी जाळीत अडीच फुटी दार ठेवले आहे, आणि ते एकट्या माणसाला एका हाताने उचलवत नाही. याचा परिणाम क्षुल्लक नाही: आमच्या बागेतला नेपाळी राखणदार हंगामात दिवसातून अनेकदा पाणी काढतो, आणि जड दार प्रत्येक वेळी बंद करण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. उघडे राहिलेले दार म्हणजे जाळी नसल्यासारखेच. दाराची सळई आठची घेऊन आणि बिजागरीच्या पलीकडे तोलाचे वजन देऊन ते हलके करता आले असते. तूर्त पोहऱ्यापुरती एक वेगळी लहान झडप करून घेतली आहे.

खुराड्याचे काम मात्र उजवे झाले. या भागात कोंबड्या नेणारे प्राणी अनेक आहेत. मुंगूस, कांडेचोर (मांजरासारखा एक निशाचर प्राणी) आणि रानमांजर यांतला चोर नेमका कोणता हे पिसांच्या ढिगाऱ्यावरून फार थोड्यांना ओळखता येते, तरी राग सरसकट सगळ्यांवर निघतो. मग कोणी मेलेल्या कोंबडीला विष लावून ठेवतो, कोणी कुंपणाच्या भोकात फासकी लावतो. डुकरासाठी म्हणून लावलेल्या तारेच्या फासकीत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेहमी येतात. हे सारे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हे आहेत, परंतु ज्याची सात-आठ कोंबडी एका रात्रीत गेली त्याच्यापुढे कायद्याचे कलम वाचून काही साधत नाही. त्याला पक्के खुराडे लागते.

बाजारात मिळणारी षटकोनी तारेची मुर्गी जाळी कोंबडी आत ठेवते, पण रानमांजराला बाहेर ठेवू शकत नाही. दातांनी ओढली की तिचे वेटोळे सुटत जातात. नायलॉनची जाळी त्याहून निरुपयोगी, शिवाय तिच्यात साप अडकून मरतात. या कारखान्याने अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी चारही बाजूंना आणि तळालाही लावली, खुराडे दीड फूट उंच पायांवर उभे केले, आणि तळाखाली विष्ठेसाठी सरकता पत्रा ठेवला. तळाची जाळी महत्त्वाची आहे, कारण मुंगूस खालूनही शिरतो. दाराला कडी-कोयंडा असून कोयंड्यात खिळा अडकवावा लागतो. नुसती सरकती कडी पंजाने हलवून उघडते. रात्री दोन वेळा खुराड्याभोवती मऊ मातीत पंजांचे ठसे दिसले, आतली एकही कोंबडी गेली नाही, आणि ज्याचे ते ठसे होते त्याचेही काही बिघडले नाही. एकच सूचना करावीशी वाटते: पश्चिमेच्या बाजूला पत्र्याचा आडोसा द्यावा, नाहीतर आषाढातील वाऱ्यापावसात कोंबड्या भिजून आजारी पडतात.

एकंदरीत जाळीला पाचपैकी साडेतीन आणि खुराड्याला साडेचार गुण द्यावेत असे वाटते. काम सांगायचे असेल तर दसरा-दिवाळीनंतर सांगावे. तेव्हा पाऊस थांबलेला असतो, विहिरीचे पाणी वर असल्याने काठावरचे काम तुलनेने निर्धोक होते, गवत कापलेले असते, आणि कारागिरालाही सवड असते. वैशाखात गेल्यास तारखेवर तारीख मिळेल. मोजमाप घेताना व्यासाबरोबर काठाची पातळी चारही बाजूंनी तपासून घ्यावी, वजन आपल्यासमोर करून घ्यावे, आणि टाक्यांवर कोणता रंग मारणार हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.